पोकळ्या आहेत, जंतू नाहीत: अमळनेर तालुक्यातल्या एका रुग्णाचा सीटी

अमळनेर तालुक्यातले ५४ वर्षांचे शेतकरी. कापूस आणि ज्वारीची कोरडवाहू शेती, दोन मुलं, सहा वर्षांपासून मधुमेह. इथे त्यांना आप्पा म्हणतो. गाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील वगळले आहेत.

जळगावला आमच्याकडे सीटीसाठी आले तेव्हा टीबीच्या गोळ्या सुरू होऊन त्यांना दोन महिने होत आले होते, आणि तब्येत सावरायच्या ऐवजी खचत चालली होती. खोकला होताच. संध्याकाळी अंग तापायचं, वजन नऊ किलोंनी उतरलं होतं आणि गेल्या आठवड्यापासून बेडक्यात रक्ताच्या रेषा दिसायला लागल्या होत्या. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: खोकला, ताप, कॉक्सवर (म्हणजे टीबीवर) उपचार सुरू, सुधारणा नाही, छातीचा सीटी करावा. मधुमेहाची गोळी कोणती ते होतं. व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’.

टीबीचं निदान ज्यांनी केलं त्यांनी ते हवेत केलं नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात दोन कडी होती, आत काळी, म्हणजे हवा भरलेली. ताप, खोकला, वजन उतरणं आणि एक्स-रेत पोकळी असं सगळं एकत्र आलं की आपल्याकडे पहिलं नाव टीबीचंच येतं, आणि यायलाच पाहिजे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. टीबी सहसा फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी करतो, पण मधुमेह असेल तर तो खालच्या भागातही उतरतो, हे प्रत्येक छातीच्या डॉक्टरला माहीत असतं. त्यामुळे ‘खाली कशी काय पोकळी?’ या प्रश्नाचं उत्तरही तयार होतं. बेडका दोनदा तपासला, निगेटिव्ह. सीबीनॅट केलं, म्हणजे टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी यंत्रावरची तपासणी, तेही निगेटिव्ह. तरी लक्षणं आणि एक्स-रे पाहून उपचार सुरू करायची मुभा राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, आणि ती असायलाच हवी, नाहीतर कितीतरी खरे रुग्ण औषधाविना राहतील. वजनानुसार चार औषधांची एकत्र गोळी सुरू झाली, टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली.

मला अडखळायला झालं ते त्या निगेटिव्हवर.

टीबीची पोकळी श्वासनलिकेला फुटलेली असते. आत हवा खेळते, आणि टीबीच्या जंतूला हवा लागतेच. अशा एका पोकळीत एक कोटीपासून शंभर कोटीपर्यंत जंतू असू शकतात. खोकला आला की ते बेडक्यातून बाहेर पडतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलीलीटरमागे पाच-दहा हजार तरी लागतात, पण सीबीनॅटला सव्वाशे-दीडशे पुरतात. म्हणून टीबीच्या सगळ्या प्रकारांत पोकळीवाला रुग्ण हा तपासणीत सापडायला सगळ्यात सोपा. गाठीचा टीबी, छातीतल्या पाण्याचा टीबी, लहान मुलांचा टीबी यांत जंतू सापडले नाहीत तर नवल नाही. पण पोकळ्याच पोकळ्या असलेल्या माणसाच्या बेडक्यात जंतू सापडू नयेत, हा स्वतःच एक रिपोर्ट आहे. एकच शंका उरते: नमुना खरा बेडका होता की नुसती लाळ? मुलाकडून कळलं की सकाळी उठल्या उठल्या खोकून काढलेला घट्ट, पिवळट बेडका दिला होता. म्हणजे नमुना चांगला होता.

सीटीत काय दिसलं

एक मिलीमीटरच्या कापांत, शिरेतून डाय देऊन स्कॅन केला. दोन्ही फुप्फुसांत मिळून चौदा गोल सावल्या. त्यातल्या नऊ आतून पोकळ, पाच भरीव. सगळ्यात मोठी उजवीकडे खाली, पाठीच्या बाजूला, ३१ मिलीमीटरची. बहुतेक खालच्या भागात आणि फुप्फुसाच्या कडेला, बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात. तीन-चार सावल्यांपर्यंत एकेक बारीक रक्तवाहिनी येऊन टेकलेली.

पोकळ्यांच्या भिंती एकसारख्या नव्हत्या. मोठीची भिंत एका बाजूला ३ मिलीमीटर, दुसऱ्या बाजूला ११, आणि त्या जाड बाजूनं आत आलेला एक उंचवटा. त्याउलट डावीकडच्या दोन पोकळ्यांची भिंत कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. नुसती मध्यछातीची विंडो (पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या छटांची मांडणी) लावून पाहिली तर त्या दोन्ही दिसतच नव्हत्या. फुप्फुसाच्या विंडोवर गेलं तरच दिसायच्या. एका भरीव गाठीभोवती धूसर वलय होतं. गाठीतून आजूबाजूला थोडं रक्त झिरपलं की असं वलय दिसतं, आणि बेडक्यातल्या रक्ताशी ते जुळत होतं.

काय नव्हतं तेही तितकंच महत्त्वाचं. टीबीची पोकळी फुटली की तिच्यातला लगदा श्वासनलिकांतून दुसरीकडे सांडतो आणि बारीक नलिकांच्या टोकाशी दोन-चार मिलीमीटरचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा दिसतात. रेडिओलॉजीत त्याला ट्री-इन-बड म्हणतात. नऊ पोकळ्या असूनही असा ठिपका एकही नव्हता. वरचे भाग जवळजवळ स्वच्छ, ओढून आखडलेलं काही नाही, जुन्या जखमेत साचतो तसा चुना (कॅल्शियम) नाही.

मग छातीच्या भिंतीकडे लक्ष गेलं. डाव्या बाजूचा छातीवरचा मोठा स्नायू जागेवर नव्हता. उजवीकडे तो व्यवस्थित जाड, डावीकडे नुसती चरबी आणि कातडी, आणि स्नायूचा एक पट्टा गळपट्टीच्या हाडावरून मानेकडे चढलेला. हा स्नायू असा वर जातो तो बहुधा एकाच कारणानं. तोंडातली मोठी गाठ काढल्यावर गालाची पोकळी भरायला सर्जन छातीवरचा स्नायू कातडीसकट उचलतात आणि मानेतून वर नेऊन गालात बसवतात. आपल्या देशात तोंडाच्या कॅन्सरच्या हजारो रुग्णांचा गाल याच स्नायूनं उभा केलेला आहे.

टेबलावर आप्पांनी मास्क लावलेला होता. खोकणाऱ्या रुग्णाला मास्क द्यायचा हा नियम योग्यच, पण त्या मास्कखाली डाव्या गालाचा व्रण पूर्ण झाकला गेला होता. जबडा जेमतेम दोन बोटं उघडत होता, म्हणून बोलायचं काम सगळीकडे मुलगाच करत होता. विचारल्यावर मुलानं सांगितलं की तीन वर्षांपूर्वी मुंबईला गालाचं ऑपरेशन झालं, मग तीस शेक (रेडिएशन) झाले. डिस्चार्ज कार्ड घरी पेटीत जपून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुरत-भुसावळ पॅसेंजरनं तो ते घेऊन आला. डाव्या गालाच्या आतला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर, जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला. मानेतल्या एकाहून जास्त गाठींत पसरलेला, आणि एका गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं. गाठीचं आवरण फुटलेलं असलं की पुढे लांब पसरायचा धोका वाढतो, आणि डोक्या-मानेचा कॅन्सर लांब पसरला तर बहुतेक वेळा पहिल्यांदा फुप्फुसातच जातो.

व्यसनाच्या रकान्यातलं ‘नाही’ खोटं नव्हतं. ऑपरेशननंतर आप्पांनी तंबाखूला हात लावला नव्हता. आणि दवाखान्यात प्रश्न विचारला जातो तो बहुधा ‘बिडी-सिगारेट ओढता का?’ असा. आयुष्यात त्यांनी बिडी ओढलेली नाही. मात्र विशीपासून पन्नाशीपर्यंत चुना लावून मळलेली तंबाखू गालात होती, शेतावर, लग्नात, झोपतानाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे किंवा लावणारे निघाले, आणि ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे ओढण्याचा प्रश्न विचारून आपण तंबाखूच्या दहापैकी आठ-नऊ माणसांना सोडून देतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मळून खायच्या तंबाखूची पुडी तर कुठल्याही टपरीवर उघड मिळते. खान्देशात हा प्रश्न एकाच पद्धतीनं विचारायला हवा: तोंडात काय धरत होता, किती वर्षं, आणि कधी सोडलं?

कॅन्सरची गाठ पोकळ का होते

फुप्फुसातल्या दुय्यम, म्हणजे दुसरीकडच्या कॅन्सरमधून पसरून आलेल्या, गाठी भरीव, गोल, काठ स्वच्छ, लहानमोठ्या आणि पुष्कळ, असं चित्र आपण शिकलेलो असतो. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. रक्तातून आलेल्या पेशी जिथे रक्त जास्त जातं तिथे अडकतात, म्हणून खालच्या भागात आणि कडेला. पण शंभरातल्या चारेक दुय्यम गाठी आतून पोकळ होतात, आणि पोकळ होणाऱ्यांत दहापैकी सात स्क्वॅमस प्रकारच्या. पुरुषांत डोकं-मान, बायकांत गर्भाशयाचं मुख हे त्यांचे मुख्य उगम. या पेशी केराटिन, म्हणजे नखा-केसांतलं कठीण प्रथिन, बनवतात. गाठीच्या मधोमध ते साचतं, मधल्या पेशींना रक्त पुरत नाही, त्या मरतात, विरघळतात, आणि एखादी बारीक श्वासनलिका सापडली की तो लगदा खोकल्यातून निघून जातो. मागे राहतं नुसतं कडं.

भिंतीच्या जाडीवरून अंदाज बांधायचा एक जुना नियम आहे. एकट्या पोकळीची भिंत जास्तीत जास्त ४ मिलीमीटर असेल तर ती बहुतेक साधी, १५ च्या वर असेल तर बहुतेक कॅन्सरची. एकच पोकळी असेल तेव्हा हा नियम कामाचा आहे, पण दुय्यम गाठींत तो फसवतो. आप्पांच्या पापुद्र्यासारख्या पोकळ्या या नियमानं पाहिल्या तर निर्धोक ठरल्या असत्या. त्या एकट्या वाचायच्या नव्हत्याच. शेजारच्या पाच भरीव गाठी, अर्धवट पोकळ झालेल्या चार आणि पूर्ण पोकळ झालेल्या पाच या एकाच आजाराच्या वेगवेगळ्या अवस्था होत्या, आणि एकाच स्कॅनमध्ये त्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

दुसरं काय असू शकलं असतं? रक्तातून पसरलेल्या संसर्गाच्या गुठळ्याही अशाच कडेला बसतात, पोकळ होतात आणि त्यांनाही रक्तवाहिनी टेकलेली दिसते. पण तो माणूस थंडी वाजून तापानं फणफणलेला असतो आणि दोन महिने असा चालत-बोलत राहत नाही. बुरशी मधुमेहात शक्य होती, म्हणून नमुना तिच्यासाठीही पाठवला. रक्तवाहिन्या सुजवणारा ग्रॅन्युलोमॅटोसिसचा आजार आठवला, पण नाक, सायनस आणि लघवी स्वच्छ होती. रिपोर्टमध्ये मी ‘दोन्ही फुप्फुसांत पोकळ झालेल्या दुय्यम गाठी, मूळ आजार बहुधा गालाचा, टीबीची शक्यता कमी, ऊतीचा तुकडा घेऊन खात्री करावी’ असं लिहिलं. ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’, म्हणजे लक्षणांशी ताडून पाहावे, एवढंच लिहून सोडून दिलं असतं तर गोळ्या आणखी चार महिने चालल्या असत्या.

सुई कुठे टोचायची

पोकळ गाठीची बायोप्सी करताना मध्यभागी सुई गेली तर हाती मेलेला लगदा आणि हवा लागते. पॅथॉलॉजिस्ट लिहितात ‘फक्त नेक्रोसिस’, म्हणजे नुसत्या मेलेल्या पेशी, आणि नेक्रोसिस म्हटलं की फिरून टीबीचाच संशय. म्हणून मोठ्या गाठीची ती ११ मिलीमीटरची बाजू निवडली. आप्पांना पालथं झोपवून, पाठीतून, बरगडीच्या वरच्या काठानं १८ गेजची सुई भिंतीला समांतर नेली, म्हणजे तिचं टोक पोकळीत न जाता भिंतीतच राहील. चार तुकडे मिळाले.

हे चार तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत गेले. दोन फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) पॅथॉलॉजीला, दोन साध्या सलाईनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यावर टीबीचं कल्चर होत नाही, कारण जंतू असले तरी तिथेच मरतात. सीबीनॅटलाही असा तुकडा नको असतो. बायोप्सीच्या खोलीत फॉर्मॅलिनची बाटली नेहमी तयार असते, सलाईनची मागावी लागते. ती आधीच मागून ठेवली नाही तर सगळे तुकडे सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये जातात आणि रुग्णाला पुन्हा टोचायची वेळ येते.

रिपोर्ट आला: केराटिन बनवणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तुकड्यावरचं सीबीनॅट निगेटिव्ह, बुरशी नाही. कल्चर सहा आठवडे ठेवलं, शेवटपर्यंत वाढ नाही. फुप्फुसाचाच नवा कॅन्सर असेल का, हा प्रश्न पॅथॉलॉजी सोडवू शकत नाही, कारण गालातला स्क्वॅमस आणि फुप्फुसातला स्क्वॅमस काचेवर आणि मार्करवर (पेशी ओळखायच्या खास रंगांवर) सारखेच दिसतात. तिथे सीटीनंच उत्तर दिलं. एकाच मोठ्या गाठीभोवती लहान गाठी असं चित्र नव्हतं. सगळ्या गाठी कडेला, दोन्हीकडे, रक्तवाहिन्यांच्या टोकाशी होत्या.

दोन्ही चालू ठेवायचं का

चर्चेत एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की टीबी आणि कॅन्सर एकत्रही असतात, गोळ्या सुरूच आहेत, तर सहा महिने पुऱ्या करू. एकत्र असतात हे खरं आहे. पण टीबीच्या गोळीतलं रिफाम्पिसिन यकृताला इतर कितीतरी औषधं झपाट्यानं मोडायला लावतं, आणि एर्लोटिनिब त्यातलंच एक. रक्तात त्याचं प्रमाण इतकं घटतं की गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते. आणि आप्पांसाठी जो उपचार ठरत होता त्यात एर्लोटिनिब होतं. कल्चर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. छातीच्या डॉक्टरांनी बेडका, तुकडा आणि सीटी एकत्र ठेवून टीबीच्या गोळ्या थांबवल्या आणि निक्षयवरची नोंद तशी बदलून घेतली. हा निर्णय धाडसाचा होता आणि तो त्यांनी लेखी, कारणांसह घेतला, याचं मला फार मोल वाटतं.

मुलाला बाजूला बसवून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “टीबी नही ते मंग काय शे?” त्याला उत्तर माहीत होतं. आप्पांना सांगू नका, असा त्याचा आग्रह होता. डॉक्टरांनी तो मान्य केला नाही, पण आधी आप्पांनाच विचारलं की किती सांगू? आप्पा म्हणाले, “सगळं सांगा साहेब. आनी ह्या गोया बंद करान्या का?” मुंबईच्या ऑपरेशनच्या वेळी या माणसानं सगळं ऐकून घेतलं होतं. आताच त्याला अर्धवट सांगायचं काय कारण?

उपचाराचा आधार आपल्याच मातीतला होता. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी पुढे गेलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरवर १५१ रुग्णांचा एक अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आला. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम द्यायचं. याचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा, आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही. नुसत्या गोळ्यांवर एक वर्ष जगणारे १६.३ टक्के होते, या छोट्या डोसनं ते ४३.४ टक्के झाले. बरं करणारा उपचार नाही हा, आणि आप्पांना तसंच सांगितलं. पण कोरडवाहू शेतीच्या घराला झेपेल असा तो होता.

रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती: डावीकडची बाहेरची पोकळी फुप्फुसाच्या आवरणाला चिकटलेली आहे, उपचारानं गाठ विरघळली तर ती फुटून छातीत हवा भरू शकते, अचानक दम लागला तर आधी एक्स-रे काढावा. दुसऱ्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास अगदी तेच झालं. मुलानं रिपोर्टची पिशवी सोबत घेतलेली होती. गावाजवळच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं ती ओळ वाचली, एक्स-रे काढला आणि तासाभरात नळी टाकली. आजार वाढला म्हणून दम लागतोय, असं समजून कुणी त्यांना घरी परत पाठवलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा सीटी झाला. सगळ्यात मोठी पोकळी ३१ वरून २९ मिलीमीटर. मोजमापाच्या प्रचलित नियमात, म्हणजे रेसिस्टमध्ये, बाहेरचा व्यास पाहतात आणि ठरवलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के घटली तर प्रतिसाद मानतात. त्या हिशेबानं आजार ‘जैसे थे’. पण जाड भिंत ११ वरून ४ मिलीमीटरवर आली होती, आतला उंचवटा गेला होता, भरीव गाठींपैकी दोन पोकळ झाल्या होत्या आणि धूसर वलय नाहीसं झालं होतं. बेडक्यातलं रक्त थांबलं होतं, वजन तीन किलोंनी वाढलं होतं. पोकळीचा व्यास वजा करून फक्त भिंत मोजायची एक पर्यायी पद्धत सुचवली गेलेली आहे, आणि अशा रुग्णात तीच खरं बोलते असं माझं ठाम मत आहे. म्हणून प्रत्येक पोकळीचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची कमाल जाडी असे दोन्ही आकडे लिहून दिले. ते पाहून कॅन्सरच्या डॉक्टरांनी औषध बदललं नाही.

सातव्या महिन्यातल्या सीटीत बाहेरचे व्यास जवळजवळ तेवढेच, पण उजव्या मोठ्या पोकळीची भिंत पुन्हा ७ मिलीमीटर झालेली आणि आत नवा उंचवटा. बाकीच्या आठ मूळ पोकळ्या शांत होत्या. एकाच जागी हालचाल असताना चाललेला उपचार सोडायचा की नाही, यावर बराच खल झाला. आप्पांना दम नव्हता, जेवण जात होतं, ते रोज बांधापर्यंत चालून येत होते. औषध तेच ठेवलं आणि पुढचा सीटी तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी ठरवला, म्हणजे ती भिंत १० च्या वर गेली किंवा दुसरी एखादी जाड होऊ लागली तर दर आठवड्याला द्यायचं पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध सुरू करायला उशीर होणार नाही.